पंडिता रमाबाई आणि परक्या घरीं वाढणारें मूल

पंडिता रमाबाई यांचें नांव ठाऊक नाहीं असें ख्रिस्ती कुटुंब महाराष्ट्रांत क्वचितच आढळेल. केडगांवचें मुक्तिसदन, दुष्काळांतून वांचविलेल्या मुली, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बाईंनीं केलेलें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर, ह्या गोष्टी आमच्या मंडळ्यांतून अनेक वेळां सांगितल्या जातात. परंतु त्यांच्या चरित्रांत एक भाग असा आहे कीं, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. बाईंचें एकुलतें एक मूल कांहीं काळ परक्या देशांत, परक्या हातांनीं वाढलें. आणि पुढें परक्यांचीं शेंकडों मुलें बाईंच्या छायेखालीं वाढलीं. आपलें मूल दुसऱ्याच्या ओटींत घालणारी आई आणि दुसऱ्याचें मूल आपल्या ओटींत घेणारी आई, ह्या दोन्ही त्या एकट्याच होत्या. आज त्यांचें चरित्र आम्ही ह्या एका बाजूनें सांगणार आहों.

असें करण्याचें कारण आमच्या वाचकांच्या दाराशींच आहे. वडवणी तालुक्यांत व एकंदर बीड जिल्ह्यांत दसरा-दिवाळी आटोपली कीं गांवें रिकामीं होऊं लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेलीं नवराबायकोचीं जोडपीं, ज्यांस आमच्याकडे कोयता म्हणतात, ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे निघतात, तीं उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहींत. कांहीं मुलें त्यांच्याबरोबर फडांत जातात. पुष्कळ मुलें मागें राहतात. कोणी आजीजवळ, कोणी चुलत्याकडे, कोणी मावशीकडे, कोणी शाळेच्या हंगामी वसतिगृहांत. ह्यांखेरीज आई किंवा बाप मरण पावल्यामुळें, किंवा घराची वाताहत झाल्यामुळें, नातलगांच्या अथवा मंडळींतील शेजाऱ्यांच्या घरीं वाढणारीं मुलें आहेतच. ह्या मुलांच्या पोटाची चौकशी पुष्कळ होते. त्यांच्या मनाची चौकशी, म्हणजे आपल्या माणसांशीं त्यांचें नातें जिवंत राहिलें आहे कीं नाहीं ही चौकशी, फार थोडे लोक करितात. ती कशी करावी हें रमाबाईंच्या जीवनावरून शिकतां येईल असें आम्हांस वाटतें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या कर्नाटकाकडील रानांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे पंडित. त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें आणि त्याबद्दल स्वजातीचा रोष पत्करला. पुढें हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. गांवोगांवीं पुराण सांगावें आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. ह्या भटकंतींत घर नव्हतें, शाळा नव्हती. पण आई होती. लक्ष्मीबाई दिवसभर कामांत गुंतलेल्या असत, म्हणून पहांटे पांखरें जागीं होण्याच्या वेळीं त्या झोपेंत असलेल्या लेकीला कुरवाळून उठवीत आणि तोंडी पाठ देत. आईच्या मुखांतून ऐकलेले हजारों श्लोक रमाबाईंस ह्याच रीतीनें मुखोद्गत झाले. ही पहांटेची शिकवण वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें फळ पुढें पुष्कळ वर्षांनीं दिसणार आहे.

रमाबाई सोळा वर्षांच्या सुमारास असतां दक्षिणेंत दुष्काळ पडला. जवळचें होतें नव्हतें तें संपलें. कष्टाच्या कामाची संवय नव्हती, भीक मागण्याची लाज वाटत होती. प्रथम वडील गेले. थोड्याच अवधींत आई गेली आणि तिच्यामागून थोरली बहीणही गेली. उरलीं तीं दोन भावंडें, श्रीनिवासशास्त्री आणि रमाबाई. ह्या दोघांनीं पायीं सर्व हिंदुस्थान पालथा घातला. उपास काढले, थंडीवाऱ्यांत उघड्यावर रात्री काढल्या, आणि १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं ह्या तरुण मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु १८८० सालीं भाऊही वारला. त्याच वर्षीं बाईंनीं बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजीं त्यांना कन्या झाली; तिचें नांव मनोरमा ठेविलें. मूल वर्षाचेंही झालें नव्हतें तोंच, फेब्रुवारी १८८२ मध्यें, मेधावी पटकीनें वारले.

चोविसाव्या वर्षाच्या आंत ह्या स्त्रीचे आईबाप, बहीण, भाऊ आणि पति इतकीं माणसें काळानें नेलीं. रक्ताच्या नात्याचें जवळचें माणूस म्हणून एक तान्ही मुलगी तेवढी उरली. आपलें माणूस म्हणजे काय, हें रमाबाईंना कोणी पुस्तकांतून शिकवावें लागलें नाहीं.

विधवा रमाबाई १८८२ सालीं पुण्यास आल्या. त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि स्त्रियांस शिक्षण व वैद्यकी मिळावी म्हणून सरकारी आयोगापुढें साक्ष दिली. स्वतः अधिक शिकून यावें ह्या हेतूनें १८८३ सालीं त्या दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन इंग्लंडला गेल्या. तेथें वाँटेज ह्या गांवीं संत मरिया कुमारी ह्यांच्या नांवाचा भगिनीसंघ होता. त्या संघाच्या भगिनींची ओळख बाईंना पुण्यांतच झाली होती. त्यांच्याकडे मायलेकी उतरल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढल्या वर्षीं बाई चेल्टनहॅम येथील मुलींच्या विद्यालयांत गेल्या. तेथें त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः इतर विषय शिकत. ह्या काळांत मनोरमेचा पुष्कळसा सांभाळ वाँटेजच्या भगिनींनीं केला. त्यांपैकीं भगिनी जेराल्डिन ह्यांचा त्या मुलीवर विशेष जीव होता.

येथून आमचा मुख्य विषय सुरू होतो. भगिनी जेराल्डिन प्रेमळ होत्या, कर्तव्यनिष्ठ होत्या. मुलीचें खाणेंपिणें, कपडालत्ता, दुखणेंबाणें ह्यांत त्यांनीं कांहीं उणें पडूं दिलें नाहीं. तरीही आई आणि सांभाळणारी बाई ह्यांच्यांत मतभेद झाले. मुलीला धर्मांतील कोणत्या गोष्टी कोणत्या वयांत शिकवाव्या, तिला कोणाच्या रीतीभातींत वाढवावें, तिच्याविषयीं शेवटचा शब्द कोणाचा, असे ते प्रश्न होते. दोघींचाही हेतु चांगलाच होता. परंतु जेथें एका मुलावर दोघींचें प्रेम असतें, तेथें हें मूल कोणाचें, हा प्रश्न न उच्चारतांही उभा राहतो. आमच्या वाड्यावस्त्यांवरील किती घरांत जावाजावांत आणि सासूसुनांत हाच प्रश्न उठलेला नाहीं?

ह्या मतभेदांत रमाबाईंनीं एक गोष्ट भगिनींस वारंवार लिहून कळविली. तिचा भावार्थ असा कीं, माझी मुलगी आमच्यांतलीच एक म्हणून वाढली पाहिजे. इंग्लंडांतील सुखसोयी व तेथील नीटनेटकेपणा पाहून तिला आपल्या देशाच्या माणसांची लाज वाटूं लागली, तर तिचें शिक्षण वायां गेलें असें मी समजेन. आमचे लोक तुमच्याइतके सुधारलेले नसतील, तरी ते तिचे आहेत. तिनें त्यांच्यावर त्यांच्यांतलीच होऊन प्रेम करावें. वरच्या जागेवरून दया करणारी परकी बाई होऊन नव्हे.

वाचकांनीं ह्याचा नीट विचार करावा. रमाबाईंनीं भगिनींचे उपकार नाकारले नाहींत. मुलीला त्यांच्यापासून तोडूनही टाकलें नाहीं. त्यांनीं एवढेंच मागितलें कीं, तुम्ही माझ्या मुलीला अन्न द्या, विद्या द्या, प्रेम द्या; परंतु हें सर्व देतांना, जिच्या कुळांतून ती आली त्या कुळाविषयीं तिच्या मनांत तुच्छता येऊं देऊं नका. गरीब आईबापांच्या मुलाला आपल्या घरीं ठेवणाऱ्या प्रत्येकानें ही मागणी आपल्यालाच केलेली आहे असें समजावें. तुझी आई तुला टाकून गेली, तुझा बाप नालायक, आम्ही होतों म्हणून तूं जगलास, असे शब्द घरांत सहज बोलले जातात. बोलणारा विसरून जातो, मूल विसरत नाहीं. तें आपण त्याच आईचें आहों हें जाणतें. म्हणून आईला दिलेला दोष तें आपल्याच अंगाला लावून घेतें.

१८८६ च्या प्रारंभीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. त्यांच्या नात्यांतील आनंदीबाई जोशी ह्यांना ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फिया येथें डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभास त्या हजर राहिल्या. मनोरमा बरोबर होती. परंतु बाईंचा मुक्काम लांबला. हिंदुस्थानांतील विधवांसाठीं शाळा काढावयाची, तर पैसा उभा केला पाहिजे. आणि पैसा उभा करावयाचा, तर शहरोशहरीं व्याख्यानें देत फिरलें पाहिजे. पांच वर्षांचें मूल अशा फिरतींत कसें टिकणार? शेवटीं बाईंनीं मनोरमेस इंग्लंडला, वाँटेजच्या भगिनींकडे, परत पाठविलें. आई एका खंडांत आणि लेक दुसऱ्या खंडांत, मध्यें सबंध महासागर. त्या काळीं महासागरापलीकडे बोलतां येईल असा दूरध्वनि नव्हता. बोटीनें जाणारी टपाल हाच काय तो आधार.

कामासाठीं लेकरूं मागें ठेवून जाणाऱ्या आईला लोक दोष देतात. रमाबाईंनाही पुष्कळांनीं दोष दिला. आम्ही त्यांना निर्दोष ठरवावयास बसलों नाहीं. मुलीनें तीं वर्षें आईवांचून काढलीं, आणि त्याची किंमत मुलीनेंच भरली, हें खरें आहे. परंतु कोयता घेऊन फडावर जाणारी आमची बहीण आणि व्याख्यान देत अमेरिका फिरणारी ही पंडिता ह्यांच्यांत एक साम्य आहे. दोघींनाही मूल नकोसें झालें नव्हतें. गरज एकीच्या दारांत उभी होती आणि दुसरीच्या देशाच्या दारांत उभी होती, एवढाच भेद. तेव्हां मागें राहिलेल्या मुलाला ही गोष्ट समजेल अशा शब्दांत सांगणें, म्हणजे आई कां गेली, कोठें आहे, केव्हां येणार, हें त्याला कळविणें, हें सांभाळणाऱ्याचें पहिलें काम होय.

त्या वर्षांत मायलेकींचें नातें कशानें टिकलें? एक तर पत्रांनीं. बाई लिहीत राहिल्या आणि भगिनी जेराल्डिन ह्यांनीं तीं पत्रें जपून ठेविलीं. मतभेदाचीं, कडू शब्दांचीं पत्रेंसुद्धां त्यांनीं फाडून टाकलीं नाहींत. त्यांनीं संग्रहित केलेला हा पत्रव्यवहार पुढें १९७७ सालीं महाराष्ट्रांत ग्रंथरूपानें छापला गेला, आणि म्हणूनच ह्या सर्व गोष्टी आज आपल्याला कळतात. सांभाळणाऱ्या बाईनें खऱ्या आईचा शब्द जपून ठेवावा, ह्याहून मोठी सेवा ती कोणती करणार?

दुसरी गोष्ट लहानशी, पण फार अर्थपूर्ण आहे. रमाबाई आपल्या पत्रांत भगिनी जेराल्डिन ह्यांना आजीबाई असें संबोधीत. इंग्लंडांतील एका मठवासिनीला मराठी घरांतलें नातें दिलें गेलें. आजीची जागा फार मोठी आहे. ती लाड करते, रागें भरते, गोष्टी सांगते. परंतु आजी ही आई नव्हे, आणि आजी आल्यानें आईची जागा जात नाहीं. दुसऱ्याचें मूल सांभाळणाऱ्यांनीं हें ओळखावें. मुलाला आपल्याला आई म्हणावयास लावण्याची घाई करूं नये. मामी, काकू, आत्या, मावशी, आजी, अशीं गोड नांवें आपल्या भाषेंत मुबलक आहेत. त्यांपैकीं एक घेतलें तर मुलाला कोणालाही सोडावें लागत नाहीं.

तिसरी गोष्ट त्या पहांटेच्या शिकवणीची. मनोरमा दूर असतां, १८८७ सालीं, रमाबाईंनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजींत एक पुस्तक प्रसिद्ध केलें. तें त्यांनीं आपल्या मृत आईला, लक्ष्मीबाईंना, अर्पण केलें, आणि तिची शिकवणच आपल्या आयुष्याला प्रकाश देत आली आहे असा भाव त्यांत व्यक्त केला. रमाबाई तेव्हां ख्रिस्ती झाल्या होत्या. आई हिंदु धर्मांतच मरण पावली होती. परंतु धर्म बदलला म्हणून आई बदलत नाहीं, हें बाईंनीं सर्व जगासमोर छापून सांगितलें. आमच्या मंडळ्यांतील ज्या बंधुभगिनींचे आईबाप व भाऊबंद अजून जुन्या धर्मांत आहेत, त्यांनीं ही गोष्ट मनांत ठेवावी. आपल्या मुलांना त्या आजीआजोबांपासून दूर ठेवणें हें ख्रिस्ती धर्माचें लक्षण नव्हे.

रमाबाई १८८९ च्या प्रारंभीं स्वदेशीं परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें. पुढल्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. मनोरमा आतां आईजवळ आली होती. सदनांत आरंभीं आलेल्या विधवांपैकीं गोदूबाई ही एक. तिला तिच्या भावानें तेथें आणिलें. ती आपल्या धर्मांतच राहिली, माहेरच्या माणसांची राहिली, आणि १८९३ सालीं तिचा धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं पुनर्विवाह झाला. हिंगण्याच्या विधवाश्रमासाठीं झटणाऱ्या आनंदीबाई कर्वे त्या ह्याच. रमाबाईंच्या घरीं वाढलेल्या ह्या मुलीनें आपल्या आत्मवृत्तांत रमाबाईंची आठवण कृतज्ञतेनें केली आहे. स्वतःचें घर व धर्म न सोडतां परक्या छायेखालीं मनुष्य कसें वाढूं शकतें, ह्याचें हें उत्तम उदाहरण होय.

परंतु चरित्रकारानें गोड तेवढेंच सांगूं नये. सदनांत धर्माच्या बाबतींत कोणावर सक्ति करावयाची नाहीं असें ठरलेलें होतें. मुली आपापले आचार पाळीत. बाई मात्र आपल्या खोलींत प्रार्थना करीत, आणि खोलीचें दार बंद ठेवणें त्यांना योग्य वाटेना. मुली आपण होऊन येऊन बसूं लागल्या. कांहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला. ही बातमी पसरतांच पुण्यांत मोठा क्षोभ झाला, वर्तमानपत्रांतून टीका झाली, १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांनीं सल्लागार मंडळांतून अंग काढून घेतलें, आणि पालकांनीं वीसांहून अधिक मुली काढून नेल्या.

ह्या प्रसंगीं आमच्या लोकांनीं आजवर बहुधा बाईंचीच बाजू घेतली आहे. बाईंच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्हांसही शंका नाहीं. परंतु त्या पालकांच्या मनांत काय होतें, हेंही एकदां पाहावें. आपली मुलगी दुसऱ्याच्या घरीं ठेविली, आतां ती आपली राहील काय, हेंच भय त्यांना वाटलें. आठ-नऊ वर्षांपूर्वीं वाँटेजच्या भगिनींना पत्रें लिहितांना हेंच भय रमाबाईंना वाटलें होतें. तेव्हां त्या मूल देणाऱ्या होत्या. आतां घेणाऱ्या होत्या. देणाऱ्याचें भय घेणाऱ्याला लवकर दिसत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे, आणि थोर माणसेंही त्याला अपवाद नसतात. ज्याच्या घरीं दुसऱ्याचें मूल आहे त्यानें त्या मुलाच्या माणसांचें भय आधीं ओळखावें, त्यांना येऊं द्यावें, पाहूं द्यावें, विचारूं द्यावें. आपण मुलाच्या चोरीचे धनी नसून ठेवीचे राखणदार आहों, हें त्यांना दिसलें पाहिजे.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाईंना आपल्या लहानपणाची आठवण झाली. उपाशी मरणारी आई आणि भाकरीच्या तुकड्यासाठीं दारोदार जाणारी मुलगी त्यांनीं स्वतः अनुभवली होती. त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि तेथून सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांच्यासाठीं केडगांवला जें घर वसलें, तेंच १८९८ सालापासून मुक्तिसदन म्हणून प्रसिद्ध झालें. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतील व राजपुतान्यांतील मुलींची भर पडली, आणि सदनांतील माणसें दोन हजारांच्या घरांत गेलीं. ह्यांतील कितीएक मुलींचें सर्व कुटुंब दुष्काळानें खाल्लें होतें. त्यांना परत पाठवावयास घरच उरलें नव्हतें.

अशा मुलींनाही बाईंनीं परदेशी बनविलें नाहीं. बाई स्वतः जन्मभर लुगडें नेसल्या, जन्मभर शाकाहारी राहिल्या. मुलींना विणकाम, शेतकाम, छापखान्याचें काम शिकविलें जाई, आणि उपासनेंत देशी भजनें म्हटलीं जात. खेड्यांतील बाईला कळावें म्हणून त्यांनीं पवित्र शास्त्राचें भाषांतरही सोप्या मराठींत करण्याचा यत्न केला. वाँटेजला आपल्या एका मुलीसाठीं त्यांनीं जें मागितलें होतें, तें त्यांनीं केडगांवला शेंकडों मुलींना दिलें. ज्या मुलीचे आईबाप परत येणार नाहींत, तिलाही तिची बोली, तिचें अन्न आणि तिच्या देशाचा पोशाख परत देतां येतो. आणि हेंही तिच्या माणसांशीं जोडणारें सूत्रच आहे.

आतां मनोरमेविषयीं. परक्या घरीं वाढलेली ही मुलगी पुढें कोणाची झाली? मोठेपणीं ती पुन्हां इंग्लंडला आणि नंतर अमेरिकेला शिकावयास गेली. तेथें राहून गेली असती तर नवल नव्हतें. परंतु ती परत आली, मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली, शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली, आणि आईचा उजवा हात बनली. १९१२ सालीं गुलबर्ग्यास मायलेकींनीं शाळा काढली. त्या वेळीं गुलबर्गा आणि आपला बीड जिल्हा दोन्ही निजामाच्या राज्यांत होते. तेव्हां मनोरमाबाईंचें हें काम एका अर्थानें आपल्याच मुलुखांतलें होतें. आईची जी इच्छा होती तीच पूर्ण झाली. मुलगी आपल्या लोकांची लाज न बाळगतां त्यांच्यांतली एक होऊन राबली. आणि ज्या घरानें तिला लहानपणीं सांभाळलें त्या घरावरचें तिचें प्रेमही आटलें नाहीं. आईवर प्रेम केल्यानें आजीबाईंचें प्रेम कमी होत नाहीं, हें तिनें दाखवून दिलें.

२४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. त्यांचें वय अवघें चाळीस होतें. रमाबाईंवर हा शेवटचा आघात. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचें काम त्यांनीं तडीस नेलें आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें देह ठेविला. त्यांनीं स्थापिलेलें मुक्तिसदन आजही चालू आहे.

हें चरित्र वाचून वडवणीच्या बाजूच्या मंडळ्यांनीं काय करावें? पवित्र शास्त्रांत ह्या विषयाचे दोन दाखले आहेत. फारोच्या कन्येनें मोशेला पाण्यांतून काढलें, परंतु दूध त्याला त्याच्या स्वतःच्या आईनेंच पाजलें. म्हणून राजवाड्यांत वाढूनही आपले बंधु कोण हें तो विसरला नाहीं. आणि शमुवेल एलीजवळ शिलो येथें वाढत असतां त्याची आई हन्ना दरवर्षीं त्याच्यासाठीं लहानसा झगा शिवून घेऊन जात असे. दरवर्षीं मूल किती वाढलें असेल ह्याचा अंदाज घेऊन तिला तो शिवावा लागला असेल. म्हणजे मूल डोळ्यांआड असलें तरी मनांत वाढत होतें. आमच्या उपदेशकांनीं हे दोन दाखले कोयते निघण्यापूर्वींच्या रविवारीं अवश्य सांगावे.

मूल सांभाळणाऱ्यांनीं रोज संध्याकाळच्या प्रार्थनेंत मुलाच्या आईबापांचीं नांवें घ्यावीं आणि तीं मुलालाच उच्चारूं द्यावीं. आतां पुष्कळांच्या हातीं मोबाइल आहे. आठवड्यांतील एक वार ठरवून त्या वारीं मुलाचें फडावरील आईशीं बोलणें करून द्यावें. ठरलेला वार चुकवूं नये; मूल तो वार मोजीत असतें. बोलणें झाल्यावर मूल रडलें तर बोलणेंच बंद करणें हा उपाय नव्हे. रडणें हें नातें जिवंत असल्याचें चिन्ह आहे. त्याला जवळ घ्यावें, रडूं द्यावें. आईचें एखादें जुनें लुगडें पांघरावयास ठेवावें, एखादा फोटो मुलाच्या हाताला लागेल असा ठेवावा. भावंडें शक्यतों एकाच घरीं ठेवावीं. तें न जमल्यास दर रविवारीं उपासनेच्या निमित्तानें त्यांची भेट घडवावी.

आईबाप हंगामाहून परतले म्हणजे मूल प्रथम लाजेल, दूर उभें राहील, कदाचित् रुसेल. त्यांत आईनें दुःख मानूं नये आणि सांभाळणारीनें गर्व मानूं नये. दोन्ही घरांत त्याला मोकळेपणानें जाऊं येऊं द्यावें. मूल दोन्ही घरांवर प्रेम करितें, तें कोणाशींही बेइमानी करीत नाहीं.

जेथें बाप दारूनें बेभान होतो किंवा मुलाला मारझोड होते, तेथें भेटीची सक्ति करणें योग्य नाहीं. अशा वेळीं उपदेशकानें एकट्यानें निर्णय न करितां जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जावें, किंवा १०९८ ह्या क्रमांकावर कळवावें. २०१५ च्या बालन्याय कायद्यांतही मूल शक्यतों आपल्या कुटुंबांत परत जावें, आणि तें शक्य नसेल तर दुसऱ्या कुटुंबांत वाढावें, संस्थेंत ठेवणें हा शेवटचा उपाय असावा, असेंच तत्त्व सांगितलें आहे. परंतु भेट थांबली तरी निंदा करूं नये. तुझ्या बापाला रोग जडला आहे, तो बरा व्हावा म्हणून आपण प्रार्थना करूं, एवढें सांगितलें तरी सत्यही राहतें आणि मुलाचें मनही मोडत नाहीं.

प्रिय बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या मुलाला भाकर देणें हें पुण्यकर्म आहे, पण त्याच्या आईला त्याच्या मनांत जागा राखून ठेवणें हें त्याहून कठीण आहे, कारण तेथें आपल्याला थोडें मागें सरून उभें राहावें लागतें. वाँटेजच्या त्या आजीबाई मतभेद असूनही आईचीं पत्रें जपत मागें उभ्या राहिल्या, आणि मुलगी आपल्या आईकडे परत आली. ह्या हंगामांत आपल्या घरीं, शेजारीं किंवा वसतिगृहांत जें मूल मागें राहील, त्याला आपण आज संध्याकाळीं एवढें तरी विचारावें कीं, बाळा, तुझ्या आईला आज काय सांगावयाचें आहे?